कचेरींत मत बोलावें कीं गिळावें?

ऊर्जानगरांत राहणाऱ्या माणसास एक गोष्ट लवकरच कळते, ती ही कीं येथें कचेरी आणि घर यांच्यामध्यें भिंत नाहीं. १९८३ सालीं चंद्रपूरच्या औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला. इरई धरणाचें पाणी आणि आसपासच्या खाणींतील कोळसा यांवर तें केंद्र वाढत गेलें, आणि त्याच्या आश्रयानें ही वसाहत वसली. वऱ्हाडांतला, मराठवाड्यांतला, कोंकणांतला असा चहूंकडचा नोकरदार येथें शेजारीं शेजारीं राहतो. सकाळीं अकरा वाजतां कोणी कामावर कांहीं बोलला, तर संध्याकाळीं तो घरीं पोंचण्यापूर्वींच त्याचें बोलणें त्याच्या स्वयंपाकघरांत येऊन बसलेलें असतें. अशा ठिकाणीं मनांतलें मत उघड करावें कीं नाहीं, हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाहीं.

गेल्या महिन्यांत आमच्या धाकट्या बंधूंची सून एके संध्याकाळीं आमच्याकडे आली. येथून जवळच असलेल्या एका कार्यालयांत ती कामाला आहे. नोकरीस अद्याप वर्ष झालेलें नाहीं व ती कायमही झालेली नाहीं. पानें मांडीपर्यंत ती गप्पच होती. जेवणें उरकल्यावर म्हणाली, "काका, तुम्हांला एक विचारायचं आहे. रागावणार नसाल तर विचारते."

तिची हकीगत अशी. तिच्या विभागांत एक नवी सहकारी आली आहे. जन्मतः ती पुरुष; आज ती स्वतःस स्त्री मानते, स्त्रीवेष करते व स्त्रीच्या नांवानें ओळखली जाते. कामांत चोख आहे. तिनें स्त्रियांच्या कपडे बदलण्याच्या खोलीचा उपयोग करावा, असें वरिष्ठांनीं तोंडी सांगितलें. या खोलीस एकच दार, आंत ना आडोसा ना कडी. विभागांतील सहा-सात बायकांपैकीं कोणी समोर ब्र काढला नाहीं. चहाच्या वेळीं मात्र नकलांना ऊत आला. पुढें नव्या कायद्यांची माहिती देण्यासाठीं एक बैठक झाली. कोणास कांहीं विचारावयाचें आहे काय, असें म्हटल्यावर आमची सून उभी राहिली व म्हणाली, "यांच्या नोकरीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण स्त्री कोण हे देहावरून ठरतं असं मला वाटतं, आणि जिथं कपडे उतरवायचे ती खोली तरी त्यावरूनच ठरावी." बैठक स्तब्ध झाली. दुसऱ्या दिवशीं तिला आंत बोलावून सांगण्यांत आलें कीं, असलीं मतें येथें बोलून दाखवूं नयेत. नोकरी कायम करण्याच्या वेळीं याचा विचार होईल.

आमच्या घरीं मग जी चर्चा झाली ती वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं, विषय निघाल्यास, अशीच होईल. बंधु म्हणाले, "नोकरी पोटासाठी असते. मतं घरी ठेवावीत." कॉलेजांत जाणारी आमची पुतणी म्हणाली, "वहिनी, सगळ्यांच्या देखत तू हे बोललीस, तेव्हां त्या बाईंना काय वाटलं असेल याचा विचार केलास का?" आणि आमच्या घरच्या मंडळींनीं, हातांतली सुपारी कातरीत कातरीत, एवढेंच म्हटलें, "त्या खोलीत मला जावं लागलं असतं तर मलाही हेच वाटलं असतं. फक्त मी बोलले नसते." या तिन्ही वाक्यांत कांहींना कांहीं खरें आहे, आणि म्हणूनच उत्तर देणें आम्हांस त्या रात्रीं साधलें नाहीं.

ज्यास आमची सून आपलें मत म्हणते त्याला इंग्लंडांत 'जेंडर क्रिटिकल' असें नांव पडलें आहे. त्याचा सार एवढाच कीं, स्त्री-पुरुष हा भेद देहाचा आहे, मनाच्या जाणिवेनें तो बदलत नाहीं, व स्त्रियांसाठीं राखलेल्या सोयी या भेदावर उभ्या आहेत. याच्या उलट दुसरा पक्ष म्हणतो कीं, आपण कोण हें ज्याचें त्यानेंच सांगावयाचें. तें नाकारणें म्हणजे त्या माणसाचें अस्तित्वच नाकारणें होय. दोन्ही पक्ष एकमेकांचें ऐकून न घेतां भांडतात. आमच्या अल्प समजुतीप्रमाणें या भांडणाचा अर्धा भाग असा आहे कीं, एक जण शब्दाविषयीं बोलतो व दुसरा देहाविषयीं.

आयुष्यभर संस्कृत शिकविल्यामुळें आम्हांस येथें व्याकरण आठवलें, याबद्दल वाचकांनीं क्षमा करावी. संस्कृतांत पत्नीस तीन शब्द आहेत: भार्या हा स्त्रीलिंगी, दार हा पुल्लिंगी आणि कलत्र हा नपुंसकलिंगी. बाई एकच, लिंगें तीन. पाणिनीच्या अष्टाध्यायींतील चौथ्या अध्यायाच्या आरंभीं स्त्रीप्रत्ययांचें प्रकरण येतें, तेथें पतंजलीनें महाभाष्यांत हाच प्रश्न उपस्थित केला आहे. स्त्री व पुरुष हे लोकांत देहाच्या खुणांवरून ओळखले जातात, हें तो प्रथम मांडतो; परंतु खाट स्त्रीलिंगी व वृक्ष पुल्लिंगी, त्यांस अशा खुणा कोठें आहेत, म्हणून व्याकरणाचें लिंग निराळ्या रीतीनें समजावून घ्यावें लागतें, असें तो दाखवितो. लोकांतील खुणा खोट्या, असें त्यानें म्हटलें नाहीं. आणि शब्दाचें लिंग देहाच्या मापानेंही मोजलें नाहीं. दोन्ही आपापल्या जागीं ठेवलीं. अमरकोशांत 'तृतीयाप्रकृति' असा शब्दच आहे. म्हणजे दोहोंत न बसणारीं माणसें आपल्या पूर्वजांनीं पाहिलीं होतीं व त्यांस नांवही दिलें होतें.

याहून बोलका दाखला विराटपर्वांत आहे. अज्ञातवासांत अर्जुन बृहन्नडा होऊन विराटाच्या दरबारीं नोकरी मागावयास गेला. राजानें त्यास हांकलून दिलें नाहीं. त्याची विद्या पाहिली, आणि नृत्यगायनाचा शिक्षक म्हणून ठेवण्याचें ठरविलें. परंतु कन्यांच्या अंतःपुरांत पाठविण्यापूर्वीं, हा पुरुष नव्हे याची त्यानें खात्री करून घेतली. आज अशी तपासणी कोणाचीही होऊं नये, हें सांगावयास नको. मनुष्याच्या मानास ती शोभत नाहीं. पण दोन गोष्टी त्या कथेंत एकत्र नांदतात हें पाहण्यासारखें आहे. वेगळ्या प्रकृतीच्या माणसास त्याच्या विद्येवर नोकरी मिळाली. आणि स्त्रियांच्या राहत्या जागेची काळजी करणें हा द्वेष समजला गेला नाहीं.

आतां आजचा कायदा पाहूं. १५ एप्रिल २०१४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तृतीयपंथीयांस मान्यता देऊन, आपलें लिंग स्वतः सांगण्याचा त्यांचा हक्क मान्य केला. पुढें २०१९ सालीं संसदेनें तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या रक्षणाचा कायदा केला. तो १० जानेवारी २०२० पासून अंमलांत आला. नोकरींत अशा व्यक्तीशीं भेदभाव करूं नये व प्रत्येक आस्थापनेंत तक्रार ऐकणारा अधिकारी नेमावा, असें त्यानें सांगितलें. दुसऱ्या बाजूनें १९४८ च्या कारखाने कायद्यानें स्त्री व पुरुष कामगारांसाठीं निरनिराळीं शौचालयें व आडोशाच्या निरनिराळ्या धुण्याच्या जागा मालकानें द्याव्या, असें बंधन घातलें होतें. तें बंधन कोणाच्या लहरीनें आलें नव्हतें. जेथें आडोसा नाहीं तेथें बायका दिवसभर पाणी पीत नाहींत, दुखणीं सोसतात, आणि शेवटीं कामच सोडतात, हें गिरण्यांच्या व खाणींच्या गांवीं कोणासही दिसत असे. म्हणजे दोन्ही कायदे माणसाच्या मानासाठींच झाले. ते एका दारापाशीं समोरासमोर आल्यावर काय करावें, हें मात्र त्या त्या कचेरीवर सोपविलें गेलें, आणि कचेरीनें तें तोंडी हुकुमावर भागविलें.

महाराष्ट्रांत हे प्रश्न आतां दूरचे राहिलेले नाहींत. बीड जिल्ह्यांत माजलगांव येथें पोलीस शिपाई असलेल्या ललिता साळवे यांनीं २०१७ सालीं शस्त्रक्रियेसाठीं रजा मागितली, ती प्रथम नाकारली गेली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोंचलें. २०१८ सालीं शस्त्रक्रिया झाली व ललित साळवे या नांवानें ते पुन्हां त्याच खात्यांत रुजू झाले. २०२२ सालीं महापारेषण या वीजकंपनीच्या भरतींत तृतीयपंथीयांस जागा नाहीं, म्हणून उच्च न्यायालयांत अर्ज झाला; त्याच वर्षीं पोलीसभरतीच्या अर्जांत स्त्री व पुरुष यांखेरीज तिसरा रकाना ठेवण्याची पाळी सरकारवर आली, आणि त्यांच्या शारीरिक चाचणीचे निकष काय असावे याचा नियम करावा लागला. हा शेवटचा मुद्दा ध्यानांत घ्यावा. अर्जाचा रकाना ही शब्दाची गोष्ट होती, ती लवकर सुटली. धांवण्याची चाचणी ही देहाची गोष्ट, तिच्यासाठीं विचार करून नियम करावा लागला. तो विचार मोठ्यानें करणें यांत अपमान नव्हता.

मग आमच्या सुनेनें तो मोठ्यानें केला यांत तिचा अपराध कोणता? याच प्रश्नावर विलायतेंत एक खटला गाजला. माया फोर्स्टेटर नांवाची बाई लंडनमधील एका संशोधनसंस्थेंत काम करीत असे. लिंग हें देहाचें असून बदलत नाहीं, असें ती उघड लिही. त्यानंतर तिचें कंत्राट पुढें चालविलें गेलें नाहीं. २०१९ च्या डिसेंबरांत नोकरीविषयक न्यायमंडळानें, असलें मत लोकशाही समाजांत आदरास पात्रच नाहीं, असा निर्णय दिला. जून २०२१ मध्यें अपिलांत तो फिरला. असें मत बाळगणें व बोलणें यास कायद्याचें संरक्षण आहे, असें वरिष्ठ मंडळानें ठरविलें. परंतु त्याच निकालांत हेंही बजावलें कीं, यामुळें सहकाऱ्यास वाटेल तसें संबोधून छळण्याची मोकळीक कोणास मिळत नाहीं. २०२२ सालीं तिच्याशीं भेदभाव झाल्याचें सिद्ध झालें व २०२३ सालीं तिला एक लाख पौंडांहून अधिक भरपाई देवविली गेली. पुढें १६ एप्रिल २०२५ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें, २०१० च्या समानता कायद्यांतील 'स्त्री' या शब्दाचा अर्थ जन्मजात स्त्री असाच आहे, असा निकाल दिला; आणि लिंगबदल केलेल्यांस भेदभावापासून असलेलें संरक्षण कायम आहे, हेंही सांगितलें.

आपल्याकडे मताला असें कवच नाहीं. घटनेच्या १९ व्या कलमानें भाषणस्वातंत्र्य दिलें तें मुख्यतः राजसत्तेच्या विरुद्ध; खाजगी मालकापुढें तें फारसें उपयोगी पडत नाहीं. सरकारी नोकराच्या जिभेवर तर १९७९ च्या वर्तणूक नियमांचें कुलूप आहे. म्हणून आपल्याकडे हा प्रश्न कायद्यापेक्षां रीतीचा अधिक आहे. आणि रीत घरांत ठरते.

या बाबतींत आमच्या समाजाचा इतिहास स्वच्छ नाहीं. १८९३ सालीं फर्ग्युसन कॉलेजांतील प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनीं विधवेशीं विवाह केला. मुरूडच्या गांवकऱ्यांनीं बहिष्कार घातला. त्यांच्या मातेसही त्याची झळ पोंचली. पण कॉलेजानें त्यांस काढलें नाहीं, आणि १९१४ पर्यंत ते तेथें गणित शिकवीत राहिले. त्यांचेच चिरंजीव रघुनाथराव मुंबईस विल्सन कॉलेजांत गणिताचेच प्राध्यापक होते. संततिनियमनाचा ते उघड पुरस्कार करीत. हा प्रचार सोडा किंवा नोकरी सोडा, असा प्रसंग आल्यावर १९२५ सालीं त्यांनीं नोकरी सोडली. १९२७ पासून १९५३ मध्यें मृत्यु येईपर्यंत ते 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवीत राहिले व हलाखी सोशीत राहिले. बापास गांवानें वाळीत टाकलें, पण भाकरी राहिली. मुलाची भाकरीच गेली. आमच्या सुनेचें मत आणि रघुनाथरावांचें मत एका तराजूंत घालावयाचें नाहीं; त्यांचें मत तिच्या सहकारीच्याच बाजूस गेलें असतें, असेंही कोणी म्हणेल. आमचें म्हणणें इतकेंच कीं, गणित शिकविणाऱ्याचें गणित बिघडलें नव्हतें. ज्या मतानें काम बिघडत नाहीं व समोरच्या माणसाचा छळ होत नाहीं, त्या मतासाठीं भाकरी काढून घेणें १९२५ सालीं जितकें अनुचित होतें तितकेंच आजही आहे.

येथवर लिहिल्यावर आमच्याच एका मौनाची आठवण दडवून ठेवणें बरें दिसणार नाहीं. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं एका शाळेंत आम्ही शिकवीत असतां नववींत एक मुलगा होता. त्याचें चालणें-बोलणें मुलींसारखें. शब्द चालविण्यांत मात्र त्याचा हात कोणी धरीत नसे. शिक्षकांच्या खोलींत मधल्या सुट्टींत त्याची नक्कल होई. हंशा पिके. आम्ही वर्तमानपत्रांत डोकें घालून बसत असूं. आम्हीं कधीं नक्कल केली नाहीं, एवढेंच समाधान मानीत असूं. वार्षिक परीक्षेच्या आधीं तो शाळा सोडून गेला. कोठें गेला, हें आम्हीं विचारलेंही नाहीं. आमचीही नोकरी तेव्हां नवीन होती. त्या खोलींत एक वाक्य बोलावयास किती पैसे पडले असते, याचा हिशेब आम्ही आजवर मांडूं शकलों नाहीं. मौन हें कोणत्याच पक्षाचें नसतें अशी आमची समजूत होती. पण आपण सोडलेली जागा रिकामी राहत नाहीं, तेथें नकला करणारे येऊन बसतात, हें आम्हांस फार उशिरां कळलें. आमच्या सुनेच्या विभागांतही तेंच झालें. उघड बोलणारी एकटी दोषी ठरली; चहाच्या टेबलावर नकला करणाऱ्यांस कोणी आंत बोलावलें नाहीं.

म्हणून पुढच्या रविवारीं ती आली तेव्हां आम्हीं तिला सांगितलें, "सूनबाई, मत मागं घेऊ नकोस; पण ते कुठल्या जागी ठेवायचं ते नीट बघ. त्यांना हाक कशी मारायची, हा शब्दाचा प्रश्न. त्या ज्या नावानं ओळख सांगतात त्याच नावानं हाक मार. त्यात तुझं काही जात नाही. खोली कुणाची, हा देहाचा प्रश्न. तो लेखी आणि योग्य अधिकाऱ्याकडे मांड. आणि त्यांच्याबद्दल जे लिहिशील ते आधी त्यांना वाचून दाखव." शेवटची अट तिला जड गेली. आमची पुतणी मात्र म्हणाली, "काका, एवढं तरी करायलाच हवं."

अर्ज तीन वाक्यांचा झाला. पहिल्यांत, सहकारीच्या नोकरीविषयीं व वागणुकीविषयीं कोणतीही तक्रार नाहीं. दुसऱ्यांत, कपडे बदलण्याची जागा देहभेदावर ठरावी असें आपलें मत आहे, व तें बैठकींत विचारल्यावरूनच सांगितलें. तिसऱ्यांत, आंतून कडी लागेल अशा, एका वेळीं एकच व्यक्ति जाईल अशा दोन लहान खोल्या कराव्या, म्हणजे कोणाचाच संकोच राहणार नाहीं. तो घेऊन ती त्या बाईंकडे गेली. त्यांनीं तो दोनदां वाचला, व म्हणाल्या, "तुमचं मत मला पटत नाही. बैठकीत ऐकलं तेव्हां रात्रभर झोप आली नाही. पण पुरुषांच्या खोलीत काय होतं ते मी आधीच्या नोकरीत भोगलंय, आणि तुमच्या त्या खोलीत मला बायकांच्या नजरा भोवतात. कडी मलाही हवीच आहे." दुसरें वाक्य त्यांनीं तसेंच राहूं दिलें. तिसऱ्याखालीं आपली वेगळी सही केली.

सुतार येऊन मापें घेऊन गेला आहे. आमच्या सुनेचें कायम झाल्याचें पत्र अद्याप आलेलें नाहीं; तें येईल कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं. बंधु आमच्यावर थोडे रुष्ट आहेत, आणि त्यांचा राग आम्ही समजूं शकतों. महिन्याच्या एक तारखेस घरांत जें येतें त्यावर त्यांच्या घराचे हप्ते चालतात. मत बोलावयास सांगणारा म्हातारा निवृत्तिवेतनावर असतो, आणि किंमत तरुण माणूस भरतो, ही गोष्ट आम्ही विसरलेलों नाहीं.

तरी वाचकांपैकीं जे आज कोठें वरिष्ठ आहेत, ज्यांच्या सहीनें कोणाची नोकरी कायम होते, त्यांस आमची एक विनंति आहे. आपल्या हाताखालचें माणूस उभें राहून सभ्य शब्दांत आपल्यास न पटणारें कांहीं बोललें, तर त्यास आंत बोलावून गप्प करण्यापूर्वीं, बाहेर चहाच्या टेबलावर कोण काय बोलत आहे तें एकदां ऐकून यावें. आणि मग सुतारास बोलवावें.